खावटी अठराव्या वर्षी का थांबते?

पोटगीला आपल्याकडे खावटीही म्हणतात. एका शब्दात पोट, दुसऱ्यात खाणं. शिक्षण कुठेच नाही. अमरावती-अकोल्यातल्या विभक्त आईबापांच्या मुलांच्या कॉलेजचा खर्च कोणी केला, हा प्रश्न घेऊन जुने कागद वाचायला बसणार असाल, तर हे आधी लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 488 स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याबद्दल बोलतं. वयाचा उल्लेखच नाही. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, की अपत्य सज्ञान असलं तरी या कलमात बसतं. त्याच वर्षी अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे शिकणाऱ्या पोराला बापाकडे मागायची वाट तेव्हा कायद्यात होती. (रक्कम मात्र महिन्याला जास्तीत जास्त 500 रुपये!)

मग 1973 ची नवी संहिता आली. कलम 125 ने मुलांची पोटगी अठराच्या आत आणली. त्यापुढे फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे कमावू न शकणाऱ्यांना. 1983 मध्ये अमरावतीला विद्यापीठ झालं, तोवर ही वाट बंद झाली होती. विद्यापीठ घराजवळ आलं आणि खावटी बारावीपाशीच थांबायला लागली. 500 ची मर्यादा 2001 मध्ये गेली. अठराची अट 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम आहे.

मुलीचं वेगळं. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली, आणि निर्वाहात शिक्षणही धरलं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलीचा हा हक्क मान्य केला. पण म्हणून 'कायदा मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचा' असं प्रबंधात लिहून मोकळं होऊ नका. त्याच व्याख्येत तिच्या लग्नाचा खर्चही आहे. माझ्या मते हे कलम मुलीला विद्यार्थिनी म्हणून नाही, लग्नापर्यंतची जबाबदारी म्हणून बघतं.

सज्ञान मुलाची फी पोटगीच्या आदेशात शोधत बसू नका. परस्पर संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात 1976 मध्ये आला. त्यातल्या तडजोडीच्या अटी वाचा. आणि मुलाखतीत 'बापाने पैसे दिले का?' असं विचारू नका. 'फी कोणी भरली?' असं विचारा. मामा, आजी, शिष्यवृत्ती, आईचं मोडलेलं सोनं, यांना जागा त्याच प्रश्नात आहे.