जबान काय सांगते?

आमच्या लहानपणी मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांपुढे बसले, की पहिला हुकूम सुटे, ‘जबान दिखाव, बेटा!’ मग नाडीवर बोटे. जिभेवर पांढरा थर दिसला की ते ‘बलगम’ म्हणत, पिवळा दिसला की ‘सफरा’. चार बुके शिकल्यावर आम्हांला हे सारे अडाणीपणाचे वाटू लागले. इतिहास चाळला, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

ही विद्या ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे आली. म्हणून ती युनानी. दम, बलगम, सफरा, सौदा या चार द्रवांचा तोल बिघडला की आजार, हा तिचा पाया. इब्न सीना (९८०–१०३७) यांचा ‘अल-कानून’ हा तिचा थोर ग्रंथ. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील विद्यापीठांत तो शतकानुशतके शिकवला गेला. इकडे आयुर्वेदाचा ‘योगरत्नाकर’ रोग्याच्या आठ परीक्षा सांगतो. त्यांत नाडीबरोबर जिव्हाही आहे. हकीम आणि वैद्य वेगवेगळ्या वाटांनी एकाच जिभेपाशी येऊन पोहोचले होते.

चार द्रवांचा सिद्धान्त आज टिकलेला नाही, पण जीभ पाहणे टिकले. ती लाल, गुळगुळीत होऊन झोंबू लागली, तर शरीरात बी-१२, फोलिक अॅसिड किंवा लोह कमी असू शकते.

यातल्या फोलिक अॅसिडची कथा तर आपल्या मुंबईची. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया या आजाराने खंगत होत्या. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वाधिक आजार तिला गरीब मुस्लिम स्त्रियांत आढळला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली जगाला सांगितले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलिक अॅसिड, हे पुढे उमगले.

हे वाचताना आम्हांला आमची आई आठवली. घरातले सगळे उठल्यावर ती जेवायला बसे. हंडीत उरेल ते तिचे. ‘तिखट खाल्लं की जीभ जळते’ म्हणायची, आणि आम्ही हसायचो. हकीमसाहेबांपुढे आमची जबान कितीदा तरी दाखवली गेली. तिची दाखवायला तिला कोणी नेले नाही.