हडपसरचे घोडे आणि यीस्टची पेशी

तत्त्वज्ञानाचा माणूस जनुकांवर काय बोलणार, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण मजकूर आणि त्याचा वाचक यांचं नातं काय, हा आमच्याकडचा फार जुना प्रश्न. आज जो इतिहास सांगणार आहे तो त्याचाच आहे, आणि बराचसा आपल्या पुण्याचा आहे.

1966 साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट निघाली ती घोड्यांमुळे. पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा स्टड फार्म होता. निवृत्त घोडे मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेकडे जायचे. तिथे घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचायची, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून त्यातलं सीरम वेगळं करायचं, असं काम चाले. सायरस पूनावालांनी हिशेब केला: घोडे आपले, मग सीरम आपणच का करू नये? संस्थेच्या नावात तो घोडा अजून आहे.

म्हणजे औषधाचा कारखाना कोण, तर घोडा. इन्सुलिनचा कारखाना डुकराचं नाहीतर गाई-बैलांचं स्वादुपिंड. आणि 1981 साली अमेरिकेत आलेली हिपॅटायटिस बीची पहिली लस तर संसर्ग झालेल्या माणसांच्याच रक्तातून काढलेली! आज तीच सीरम इन्स्टिट्यूट हिपॅटायटिस बीची लस यीस्टच्या पेशीत बनवते. मधे काय घडलं?

1973 साली कॅलिफोर्नियात स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी बाहेरचं जनुक प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यात, जोडून जिवाणूत घातलं, आणि जिवाणूने त्याच्या प्रती काढल्या. पण प्रत काढणं वेगळं आणि वाचणं वेगळं. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कुठे सुरू झालं, कुठे संपलं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ज्याला मोडी येत नाही त्याने त्या कागदाच्या हजार प्रती काढल्या तरी अर्थाचा पत्ता लागायचा नाही.

व्हेक्टर म्हणजे अशा मजकुराभोवती केलेली व्यवस्था. इथून वाचा असं सांगणारा प्रमोटर, इथे थांबा अशी खूण, पेशी दुभंगताना मजकूर टिकून राहण्याची सोय, आणि ज्या पेशींनी तो घेतला त्या निवडता याव्यात म्हणून एक निवडखूण. ही व्यवस्था करूनही फसगत होते. 1977 साली सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या 14 अमिनो आम्लांचं संप्रेरक जिवाणूकडून करवून घेताना जिवाणू ते बनवायचा आणि कचरा समजून स्वतःच तोडून टाकायचा. शेवटी ते त्याच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडलं आणि नंतर रसायनाने कापून घेतलं. पुढच्या वर्षी इन्सुलिनला हीच युक्ती वापरली.

आता माझ्या आवडीची गोष्ट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू आहे, हे हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी 1983 पासून दाखवत आणलं. पण हा विषाणू नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, आणि त्याच्या डीएनएत कर्करोगाचं बीज, म्हणून तो लशीत नकोच. हवं फक्त त्याचं कवच, एल-1 नावाचं प्रथिन. 360 रेणू आपले आपण जुळून पोकळ गोळा करतात. पण ते जुळेनात. 1991 साली ब्रिस्बेनला जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी ते जुळवून दाखवले. त्या जनुकात 'इथून सुरू करा' अशी खूण दोनदा येते. त्यांनी पहिली सोडून दुसऱ्या खुणेपासून व्हेक्टर बांधला. मोडीचीच अडचण, नाही का?

तरीही गोळे फार थोडे मिळत. मग अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किर्नबावर, शिलर आणि लोवी यांना 1993 साली आढळलं, की सगळे जी एल-1ची प्रत वापरत होते तिच्यात 202 क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं आहे. ती प्रत आली होती कर्करोगाच्या गाठीतून. गाठीतल्या विषाणूला कवचाची गरजच उरलेली नसते, त्यामुळे कवचाच्या मजकुरात चूक शिरली तरी तिथे काही अडत नाही. बरोबर प्रत घेतल्यावर गोळे भरपूर मिळू लागले. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत मुरलेल्या या शहराला हे समजावून सांगायला नको. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना वर्षानुवर्षं पोथ्या ताडून पाहिल्या, त्या याचसाठी.

2006 साली परदेशी लस आली. आपली सर्व्हाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये. ती बनते हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये. सीरमची हिपॅटायटिसची लसही त्यातच. हे यीस्ट मिथेनॉलवर जगू शकतं. मिथेनॉल पचवणाऱ्या जनुकांचे त्याचे प्रमोटर अतिशय जोरकस आहेत: ग्लुकोज असेपर्यंत बंद, ते संपलं की खुले. म्हणजे आधी पेशी वाढवून घ्यायच्या, मग कामाला लावायच्या. शिवाय व्हेक्टर या यीस्टच्या गुणसूत्रातच अनेक प्रतींनी जाऊन बसतो, त्यामुळे पिढ्या उलटल्या तरी गळून पडत नाही.

आता पैशाचं बोलू. सप्टेंबर 2022 मध्ये ही लस 200 ते 400 रुपयांना मिळेल असं सांगितलं गेलं. खाजगी बाजारात आली तेव्हा डोसची किंमत होती 2 हजार. मला हे खटकतं. यीस्ट स्वस्त आहे, ज्ञान बरंचसं सार्वजनिक पैशातून आलेलं आहे, आणि ज्या मुलीला लस सर्वात जास्त हवी तिच्या घरी 2 हजार ही मोठी रक्कम आहे.

यात एक वेगळाच धागा आहे. 2009 साली भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारी चाचणी सुरू झाली. पुणे आणि बार्शी ही त्यातली केंद्रं. एप्रिल 2010 मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका दुसऱ्या प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं आणि सरकारने एचपीव्ही लसीकरणाच्या चाचण्या थांबवल्या. मृत्यूंचा संबंध लशीशी जोडता आला नाही. पण संमती कशी घेतली गेली यावर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. या थांबवण्यामुळे पुण्या-बार्शीसह देशभरच्या केंद्रांतल्या सुमारे 5 हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. 2021 साली निष्कर्ष छापून आले: चिकट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण जवळजवळ तीन डोसांइतकंच. 2022 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे.