सेवाग्रामचा वारसा आणि पोटावरची शस्त्रक्रिया

गांधीजींच्या आश्रमाचे सेवाग्राम म्हटले की मातीच्या पट्ट्या, उपवास, उकडलेल्या भाज्या आणि निसर्गोपचार आठवतात. पोटावरची सैल कातडी व चरबी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे आज ज्याला सर्रास टमी टक म्हणतात त्याचा, या गावाच्या संदर्भात विचार करणे म्हणूनच अनेकांना विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही. अंगावर शस्त्र चालवू द्यायचे की नाही हे कसे ठरवावे, याचा विचार गांधीजी आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांनी आयुष्यभर केला. टमी टक करावी की नाही, हे ठरवतानाही तोच विचार उपयोगी पडतो.

१९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना गांधीजी डॉक्टरांवर फार कडक होते. माणूस अति खातो, अजीर्ण होते, डॉक्टर गोळी देतो, माणूस बरा होतो आणि पुन्हा अति खातो. गोळी मिळाली नसती तर त्याला संयम शिकावा लागला असता, असा त्यांचा मुद्दा होता. पण याच माणसाने १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांच्याकडून गुदद्वाराच्या चिरांवर शस्त्रक्रिया करून घेतली. १२ जानेवारी १९२४ ला येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले, तेव्हा अपेंडिक्स चिघळले होते. ओळखीच्या डॉक्टरांना मुंबईहून बोलावण्याची मुभा होती, पण तेवढी वाट पाहण्यात धोका होता. साक्षीदार म्हणून नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेण्यात आले. आपल्यावर उपचार करणाऱ्यांवर आपला विश्वास आहे, असे निवेदन तयार झाले आणि गांधीजींनी थरथरत्या हाताने त्यावर सही केली. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. ज्या सरकारने तुरुंगात टाकले, त्याच सरकारच्या शल्यचिकित्सकाच्या हाती गांधीजींनी स्वतःला सोपवले, पण समजून-उमजून आणि साक्षीदारासमोर.

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा तिथेही अढळ होती. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना ते स्वतः मालिश करत. पण आश्रमात सुशीला नायर यांच्यासारख्या आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरही होत्या, आणि १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्यानंतर त्यांच्या नावाने गावात रुग्णालय उभे राहिले, तेही आधी स्त्रिया व मुलांसाठी. मे १९४७ मध्ये पाटण्यात गांधीजींच्या नात्यातल्या मनू गांधींच्या पोटात दुखू लागले तेव्हा आधी निसर्गोपचार झाला. गुण येईना तेव्हा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला गांधीजींनी संमती दिली. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. या सगळ्यातून क्रम स्पष्ट दिसतो: आधी साधे उपाय, ते पुरे पडले नाहीत तरच शस्त्र, आणि शस्त्र धरायचे तर पूर्ण माहितीने.

यावर कोणी म्हणेल, अपेंडिक्स जिवावर बेतते, सुटलेले पोट नाही. ही निव्वळ सौंदर्याची हौस आहे. आक्षेप अर्धाच खरा आहे. बाळंतिणीचे पोट सुती कापडाने घट्ट बांधण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोट सुटण्याची काळजी फॅशनच्या मासिकांनी आणलेली नाही. गरोदरपणात पोटाच्या मधल्या दोन उभ्या स्नायूंमध्ये अंतर पडते. बहुतेकींचे ते हळूहळू कमी होते, काहींचे राहते. कापड बांधल्याने आधार मिळतो, पण फार ताणलेले स्नायू त्याने जुळत नाहीत. व्यायामाने चरबी घटते, स्नायू बळकट होतात. खूप ताणलेली कातडी मात्र आवळत नाही. घडीखाली सतत घाम, खाज आणि जखमा होणाऱ्या बाईला ही हौस आहे असे सांगणे अन्याय आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड केली यांनी पोटावरचा लोंबणारा भाग कापण्याच्या शस्त्रक्रियेची नोंद केली, तीही अशाच जड, त्रासदायक पोटासाठी.

पण ‘हिंद स्वराज्य’मधला मुद्दा एका बाबतीत आजही तंतोतंत लागू पडतो. टमी टक हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. वजन आधी कमी करून काही महिने स्थिर ठेवावे लागते. नंतर पुन्हा वाढले तर केलेले काम बिघडते, आणि पुढे गरोदरपण आले तरी तेच. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास चालते. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो. तो वर्षभरात फिका होतो, जात नाही. बेंबी नव्या जागी बसवावी लागते. साचणारे पाणी काढायला काही दिवस नळ्या असतात, सरळ उभे राहता येत नाही, वाकून चालावे लागते, आवळ पट्टा घालावा लागतो. जड उचलायला सुमारे सहा आठवडे मनाई. म्हणजे हंडा, पोते आणि कडेवरचे मूलही नाही, आणि विदर्भातल्या शेतकरी घरात ही अट पाळणे सोपे नाही. त्वचेचा काही भाग बधिर राहू शकतो, जखम पिकू शकते, क्वचित पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. खर्रा, गुटखा, विडी यांतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेली कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून निदान चार आठवडे आधी हे सारे सोडावेच लागते. खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून होतो, कारण केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा सहसा पैसे देत नाही.

दुसरा आक्षेप असा की, एवढे सगळे सांगितले तर रुग्ण घाबरेल. घाबरून कोणी थांबले, तर थांबायला इथे वेळ आहे, आणि ससूनमधल्या त्या रात्रीपेक्षा इथे हाच फरक आहे. तिथे वाट पाहणे जीवघेणे ठरले असते. इथे सहा महिने, वर्षभर वाट पाहिली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. वेळ असताना कमी माहितीवर सही घेण्याला कोणतीच सबब उरत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे की संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असावी आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीसाठी चालत नाही.

म्हणून टमी टकचा विचार करत असाल तर सर्जन प्लास्टिक सर्जरीत प्रशिक्षित आहे का, ते विचारा. भूल कोण देणार, अतिदक्षता विभाग जवळ आहे का, बिघडले तर पुन्हा खर्च किती, हेही विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, जवळच्या माणसासमोर वाचा, आणि तोवर सही करू नका.