कुर्ल्याची गाडी, धाराशिवचे हात



स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने ‘शाळेच्या आठवणी’ असा विषय दिला होता. मी मात्र एका मोटारीचा इतिहास पाठवते आहे. तो आपल्या शाळेपर्यंत कसा येतो, हे शेवटी कळेल. तोवर थोडा धीर धरा.

१९९६ च्या दहावीच्या तुकडीतल्या अनेकांना ही मोटार आठवत असेल. फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, १९७८ चे मॉडेल. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९८७ साली सोलापूरहून जुनी विकत घेतली. स्नेहसंमेलनाचे पेटी-तबले याच गाडीतून यायचे आणि पाऊस लागला की गल्लीतली आम्ही सहा-सात पोरे तिच्यात कोंबून शाळेत पोचायचो. २००९ पासून ती आमच्या वाड्याच्या पडवीत उभी होती. २०१९ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर दर दिवाळीला घरात एकच विषय निघायचा: ही भंगारात कधी द्यायची?

२०२१ च्या दिवाळीत मी घरून काम करत होते, म्हणून पुण्याहून येऊन महिनाभर राहिले. भंगारवाला ठरला होता, भावही ठरला होता. तो येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी बॉनेट उघडले. इंजिनावरचा पत्रा पुसला आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवले. पुढची साडेतीन वर्षे सुट्ट्या, लांबलेले शनिवार-रविवार आणि बरेच पैसे या गाडीत गेले.

सोलापूरच्या माणसाची मोटार

ही गाडी आपल्या भागात ‘फियाट’ म्हणूनच ओळखली जायची. मूळ आराखडा इटलीचा, हे खरे. पण भारतात ती बनवणाऱ्या कारखान्याचा संस्थापक आपल्या शेजारचा होता. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेची ठेकेदारी करू लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचे काम होते. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी पुढे येडशीवरून लातूरपर्यंत गेली. तिच्या डब्यात आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला आहे. म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधी वालचंदांचे काम आपल्या मुलखाच्या वेशीवर येऊन गेले होते.

पुढे त्यांनी जहाजे, साखर, विमाने अशा अनेक उद्योगांत उडी घेतली. मोटारीची कल्पना विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात लावून धरली होती. वालचंदांनी ती उचलली, अमेरिकेत फोर्डशी बोलणी केली. ती फिसकटली. मग क्रायस्लरशी करार झाला. दुसरे महायुद्ध सुरू होते, तरी मोटार कारखाना ही युद्धकाळाची गरज आहे, असे इंग्रज सरकारला काही पटले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बहुतेक भाग परदेशातून यायचे आणि इथे जोडले जायचे.

स्वतंत्र भारताच्या सरकारने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट केले, की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवावे लागतील. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. १९५४ पासून फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिची सुधारित ‘११०० डी’ आवृत्ती आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली जाऊ लागली. १९५३ मध्ये वालचंद वारले, त्यामुळे पद्मिनी हे नाव त्यांनी कधी ऐकले नाही. २००० च्या सुमारास हे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली.

छापील इतिहास बहुतेक ठिकाणी इथेच संपतो. कुर्ल्यापासून चारशे किलोमीटरवर, सुट्या भागांचे दुकान नसलेल्या जिल्ह्याच्या गावात ही गाडी तीस-चाळीस वर्षे कोणी चालती ठेवली, हे त्यात नसते. पद्मिनी दुरुस्त करताना मला तो भाग सापडला.

चाचा

बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्या चाचांना जुन्या धाराशिवकरांनी पाहिले असेल. चाचा आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. काचबिंदूने दृष्टी जवळपास गेली आहे, गॅरेज कधीच बंद झाले. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वकीलसाहेबांची गाडी अजून आहे?” दुसरा प्रश्न होता, “चाक फिरतं का?”

चाक फिरत नव्हते. बारा वर्षांत इंजिन जाम झाले होते. चाचांनी सांगितले, “प्लग काढ, चारी भोकांत डिझेल आणि ऑइल ओत आणि विसरून जा. जोर लावलास तर काहीतरी तुटेल.” मी रोज सकाळी थोडे थोडे ओतत राहिले. नवव्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मी आणि भावाने मागेपुढे ढकलली, तेव्हा आतून एक बारीक कुरकुर झाली आणि पंखा बोटभर फिरला. गाडी भंगारात काढायला निघालेला माझा भाऊ त्या दिवसापासून माझ्या बाजूला आला.

ब्रेकने मात्र माझा अहंकार उतरवला. चारही चाकांचे व्हील सिलिंडर गंजले होते, म्हणून मी ते नवे बसवले. तरी पेडल थेट तळाला जायचे. तीन रविवार मी ब्रेकच्या नळीतली हवा काढत बसले. नवे ब्रेक ऑइल संपले, आईचा संयमही संपला. चाचांनी फोनवर विचारले, “लायनर ड्रमला लागतात का ते पाहिलंस?” पाहिले नव्हते. नळीत हवा नव्हतीच. लायनर ड्रमपासून इतके आत होते, की पेडलची सगळी चाल त्यांना पुढे ढकलण्यातच संपत होती. अर्ध्या तासात ॲडजस्ट करून काम झाले. ऑफिसात नव्या मुलांना मी सांगत असते, की आधी नीट पाहा, मग दुरुस्त करा. घरच्या पडवीत मला त्याचा विसर पडला.

सर्वात मोठी फजिती टायमिंगची झाली. इंजिन खोलून, गॅस्केट बदलून, पुन्हा बसवून २०२३ च्या संक्रांतीला पहिल्यांदा स्टार्टर मारला. गाडी सुरू होईना. उलट कार्बोरेटरमधून असा फटका यायचा, की शेजारची पोरे टाळ्या वाजवायची. पुलीवरची खूण बरोबर जुळली होती, वायरी १-३-४-२ या क्रमाने होत्या. पुस्तकाप्रमाणे सगळे ठीक होते. मी फोन इंजिनाजवळ धरला. चाचांनी दोन फटके ऐकले आणि म्हणाले, “पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव आणि इंजिन हातानं फिरव. खूण जुळते तेव्हा अंगठा ढकलला जातो का?”

अंगठा ढकलला जात नव्हता. चार टप्प्यांच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो: एकदा पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबायला आणि एकदा जळका धूर बाहेर टाकायला. खूण दोन्ही वेळा जुळते, ठिणगी मात्र दाबाच्या वेळीच पडायला हवी. मी सगळे धुराच्या फेरीवर बसवले होते. “मग खोलू नको काही,” चाचा म्हणाले, “डेल्कोवरच्या वायरी समोरासमोर बदल. एकची चारला, तीनची दोनला.” पाच मिनिटांनी पद्मिनी सुरू झाली. आई देवघरातून तशीच उठून आली. चाचा फोनवर गप्प होते. मग म्हणाले, “एक सिलिंडर जरा मागं आहे. पण चालेल.”

सीटखालची तार

मागची सीट काढली तेव्हा दिसले, की ती क्लिपने नव्हे तर जाड तारेने बांधली आहे. ही तार कुठली, हे चाचांनी सांगितले.

३० सप्टेंबर १९९३. आपण तेव्हा आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर आपल्या जिल्ह्याचाही दक्षिण भाग उद्ध्वस्त केला, ८ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या सकाळी अण्णा औषधे आणि पाण्याचे कॅन घेऊन सास्तूरकडे निघाले. हे मला माहीत होते. चाचा बरोबर गेले होते, हे माहीत नव्हते. “गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून मी बसलो,” ते म्हणाले. सामान मावावे म्हणून त्यांनी मागची सीट उपटून काढली, त्यात क्लिप तुटल्या. वाटेत रेडिएटरचा पाइप फुटला. त्यांनी सायकलची ट्यूब कापून तो गुंडाळला आणि तारेने आवळला. परत येताना सीटच्या जागी घोंगडी टाकून दोन जखमींना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणले. पुढच्या दिवसांत पाऊस लागला, तरी चिखलातून अशा चार खेपा झाल्या. नंतर उरलेल्या तारेने सीट बांधली आणि ती तशीच राहिली.

अण्णांनी घरी हे कधी सविस्तर सांगितले नाही. नव्या क्लिप मी आणल्या होत्या. त्या डब्यात ठेवल्या आणि सीट पुन्हा त्याच तारेने बांधली.

आपल्याच उसाचा दणका

गाडी रस्त्यावर आली, तरी उन्हाळ्यात दोन-चार किलोमीटरवर बंद पडायची. जुन्या फियाटचा हा रोग सगळ्यांना ठाऊक: इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पंपावर ओले फडके टाकायचे, थोडा वेळ थांबायचे, की गाडी चालू. २०२५ च्या मे महिन्यात मी फडकी टाकून थकले. शेवटी पंप उघडला तर आतला रबरी डायफ्राम फुगून मऊ पडलेला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रतीचे रबर त्याला टिकत नाही. इथेनॉल कशापासून होते, हे ढोकीचा तेरणा कारखाना पाहत वाढलेल्या आपल्याला सांगायला नको. वालचंदांची मोटार उसाने अडवली. त्यांनी स्वतः साखर कारखाने काढले होते, त्यामुळे त्यांना या प्रकाराची गंमत वाटली असती. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा डायफ्राम आणि नव्या नळ्या बसवल्या आणि दुखणे संपले. त्यानंतर आरटीओचे पासिंगही झाले. पुढल्या पाच वर्षांची काळजी मिटली.

यादी

आता शाळेकडे येते.

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला मुले वर्कशॉपमध्ये जायची आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात. खिडकीतून लेथचा आवाज यायचा. पुढे मी इंजिनिअर झाले, पण संगणकाची. पाना हातात धरायला मला चाळिशी गाठावी लागली आणि तो कसा धरायचा हे चाचांनी शिकवले.

एकदा त्यांना विचारले, “चाचा, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?” त्यांनी सोलापूरच्या एका गॅरेजचे नाव घेतले, तिथे बारा-तेराव्या वर्षी पोऱ्या म्हणून लागले होते. “आणि त्याच्या आधी?” तर म्हणाले, “तुझ्याच शाळेत. सातवीत नाव कमी झालं. वडील गेले, घरी दुसरं कोणी कमावणारं नव्हतं.”

मेळाव्यासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी झाली आहे. मी ती नीट पाहिली. ती दहावीच्या निकालपत्रांवरून केलेली आहे. पूर्वीचे मॅट्रिकवालेही त्यात आहेत. जे त्याआधीच शाळा सोडून गॅरेजात, शेतात, साखर कारखान्यात किंवा सासरी गेले, ते कोणीच तीत नाहीत. यात समितीची चूक नाही, निकालपत्रे सहज मिळतात. पण शाळेचा जनरल रजिस्टरही आहे. त्यात प्रत्येकाचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि नाव कमी झाल्याचे कारण शाईने लिहिलेले असते.

माझी विनंती एवढीच, की पुढची यादी त्या रजिस्टरवरून करावी. काम मोठे आहे. संगणकावर चढवायची जबाबदारी मी घेते, रजिस्टर वाचून दाखवायला चार जण मिळाले तर एका उन्हाळ्यात होईल. चाचांचे नाव मी समितीकडे दिले आहे. ते छापायचे की नाही, हे त्यांना विचारून ठरवावे.

मेळाव्याच्या सकाळी पद्मिनी शाळेच्या फाटकाशी उभी असेल. चाचा पुढच्या सीटवर असतील. त्यांना दिसणार नाही, पण आवाजावरून माणूस ओळखण्यात ते चुकत नाहीत. जवळ जाऊन बोला. आणि एक सिलिंडर अजूनही जरा मागे आहे, असे ते म्हणाले तर मला येऊन सांगा.