जीपीएल परवाना

मुक्त स्रोत आज्ञावलींच्या वापराच्या अटी ठरविणारा एक प्रमुख परवाना. अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू या मुक्त आज्ञावली-प्रकल्पासाठी तो १९८९ मध्ये सिद्ध केला; दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये आली. लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होते.

हा परवाना व्यापारी वापरास मनाई करतो हा समज रूढ असला, तरी तो निराधार आहे; आज्ञावलीच्या प्रतीसाठी हवे तेवढे मोल घेण्याची त्यात उघड मुभा आहे. बंधन येते ते वितरणाच्या वेळी. मूळ आज्ञावलीत फेरफार करून, किंवा तिच्यावर आधारित नवी कृती रचून, ती ग्राहकाच्या हाती देणाऱ्यास तिची स्रोतसंहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला वाचनीय मजकूर, त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यावी लागते. या तत्त्वास ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात. एमआयटी व अपाची परवान्यांत ही अट नसल्याने बंदिस्त उत्पादने विकणाऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटतात. संस्थेपुरता अंतर्गत वापर वितरण ठरत नाही. सर्व्हरवर आज्ञावली चालवून इंटरनेटद्वारे सेवा विकणेही ठरत नाही, आणि नेमकी हीच पळवाट बुजविण्यासाठी एजीपीएल हा कडक परवाना रचला गेला.

अटींचा भंग झाल्यास परवान्याने दिलेला हक्कच संपुष्टात येतो व प्रकरण प्रताधिकारभंगाचे बनते. म्युनिक येथील न्यायालयाने २००४ मध्ये एका राउटर-विक्रेत्याविरुद्ध याच आधारे मनाई हुकूम दिला. दुसऱ्या आवृत्तीत चूक सुधारण्यास मुदत नव्हती. तिसऱ्या आवृत्तीने, प्रथमच भंग करणाऱ्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केल्यास, हक्क पूर्ववत होण्याची तरतूद केली.