काळ्या घोड्यावरचा तराजू

बायबलमधील अखेरच्या ग्रंथास मराठीत ‘प्रकटीकरण’ म्हणतात. जगबुडीचे पंचांग समजून तो चाळणारे पुष्कळ. मला मात्र तो आम्हां परभणीकरांस सहज कळावा असा वाटतो. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडे ज्यांनी खडी फोडली आणि रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी गिळल्या, त्यांस त्यातला तिसरा घोडेस्वार ओळखीचाच वाटेल.

पण आधी ग्रंथाची बांधणी पाहू. पहिल्या शतकाच्या अखेरीस, आजच्या तुर्कस्तानातील सात ख्रिस्ती मंडळ्यांस उद्देशून योहान नावाच्या गृहस्थाने पात्म बेटावर पाहिलेले दृष्टान्त त्यात आहेत. सात शिक्क्यांची गुंडाळी उघडते. सातवा शिक्का फुटताच स्वर्गात अर्धा तास शांतता, आणि मग सात कर्णे. पुढे सात वाट्या. पंचतंत्रात गोष्टीच्या पोटातून गोष्ट निघावी तसे हे चालते. तेच संकट पुनःपुन्हा नव्या रूपात येते, असे अनेक अभ्यासक मानतात. ओळीने घटना लावून तारीख काढू जाणाऱ्याची म्हणूनच फसगत होते.

राज्य रोमचे, उघड बोलण्याची सोय नाही. तेव्हा रोमला ‘बाबेल’ म्हणावयाचे; पूर्वी बाबेलने यरुशलेमचे मंदिर पाडले, सन 70 मध्ये रोमने पाडले. ऐकणारे काय ते समजत! 666 या आकड्याचेही तसेच. आपल्या कटपयादीप्रमाणे हिब्रूतही अक्षरांस अंक असतात, आणि ‘नेरो कैसर’ या नावाची बेरीज 666 भरते. काही जुन्या प्रतींत 616 आहे. लॅटिन वळणाने नाव लिहिले की बेरीजही तेवढीच येते. या आकड्यापायी भलभलत्या माणसांस सैतान ठरविण्यात लोकांनी शतके घालविली, याचे हसू येते.

आता तो घोडेस्वार. तिसरा शिक्का फुटतो, काळा घोडा येतो, स्वाराच्या हाती तराजू. एका माणसाच्या एका दिवसापुरता गहू, आणि त्याची किंमत दिवसभराची मजुरी! बायकापोरे जगवावयाची तर जव घ्यावे. ते त्याच दामात तिप्पट. तेल व द्राक्षारस यांस मात्र धक्का लावावयाचा नाही. गरिबाची भाकर महागते, श्रीमंताच्या पंगतीतले काही हलत नाही. दुष्काळाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

हे मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. अन्नान्नदशेत त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलीबायकांस त्यांनी केडगावास आणून जेवू घातले. उतारवयात ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविले. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. काळ्या घोड्याचे पानही त्यात होते.