भोवरा: डोक्यावरचा आणि डोक्यातला



मालवणात 'भोवरा' म्हटलं की माणूस आधी समुद्राकडे बघतो. किल्ल्याच्या भोवतीच्या खडकांतून पाणी गरगरतं, तिथून होडी कशी काढायची हे दांडीवरच्या पोराला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. दुसरा भोवरा जाळी गुंडाळून फिरवायचा, तो आता दुकानातच जास्त दिसतो. आणि तिसरा आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर, माथ्याच्या जरा मागे. आज आम्ही या तिसऱ्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला केसांशी काय करायचंय, असं आयोजकांनी विचारलं नाही. आमच्या डोक्याकडे बघून तर हा प्रश्न पडायलाच हवा होता. असो.

हा भोवरा येतो कुठून? केस त्वचेतून सरळ उभा उगवत नाही, तिरका उगवतो. ज्या मुळातून तो येतो ते मूळच कललेलं असतं, आणि हा कल आईच्या पोटात, पहिल्या चार-साडेचार महिन्यांत ठरून जातो. वाढत्या मेंदूमुळे वरची त्वचा ताणली जाते, त्या ताणाचा यात हात असावा असं मानलं जातं. सगळ्या मुळांचे कल एका बिंदूभोवती फिरतात, तो बिंदू म्हणजे भोवरा. जन्मानंतर डोक्यावर नवी मुळं तयार होत नाहीत, त्यामुळे भोवरा जन्मभर तोच आणि तिथंच. बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, थोड्यांचा उलटा. शंभरात जेमतेम पाचांना दोन असतात. काहींना एखादा कपाळावर, केसांच्या अगदी कडेला असतो, तिथली बट कितीही तेल लावा, उभीच राहते.

गणितवाल्यांचं यावर एक गमतीचं प्रमेय आहे. केसांनी पूर्ण झाकलेला चेंडू कुठंही भोवरा किंवा भांग न राहता सपाट विंचरता येत नाही. प्वांकारे यांनी 1885 मध्ये या विचाराचा पाया घातला, ब्रौवर यांनी 1912 मध्ये तो पुढे नेला. कोकणात हे पटवायला गणित लागत नाही. नारळ हातात घ्या. काथ्याचे धागे सगळे एका दिशेने जातात, पण दोन्ही टोकांना त्यांना कुठंतरी एकत्र यावंच लागतं, आणि सोललेल्या नारळावर आपण जे ठेवतो त्याला आपण शेंडीच म्हणतो. आता, माणसाचं डोकं म्हणजे पुरा चेंडू नव्हे, मानेकडे ते उघडं आहे, म्हणून प्रमेय तंतोतंत लागू होत नाही. पण भोवरा हा काही बिघाड नाही, एवढं समजायला नारळ पुरेसा आहे.

आपल्या पूर्वजांना भोवरा चांगलाच माहीत होता. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं सांगितली, त्यांतली 19 अशी की आघात झाला तर प्राण लगेच जातात. त्या 19 मध्ये एक 'अधिपती'. त्याची जागा सांगताना तो म्हणतो की आत शिरा आणि सांधे एकत्र येतात आणि बाहेर रोमावर्त असतो तिथं. रोमावर्त म्हणजे केसांचा भोवरा. शरीरशास्त्राच्या ग्रंथात भोवरा हा पत्ता सांगायची खूण आहे, त्याला शुभ-अशुभ काही चिकटलेलं नाही. विष्णूच्या छातीवरचं श्रीवत्स हाही केसांचा आवर्तच, आणि तो तर देवाचं लक्षण. घोड्यांच्या बाबतीत मात्र शास्त्रकारांनी कहर केला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घोड्याच्या अंगावरचे भोवरे कुठे चांगले, कुठे वाईट याची यादी आहे. डोळ्याखाली, जिथून अश्रू ओघळतात तिथं भोवरा असला की घोडा वाईट. आजही सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा 'देवमण' बघून किंमत वर-खाली होते. बैल घेताना आपल्याकडचे जुने शेतकरीही कपाळावर हात फिरवून बघायचेच.

माणसाकडे येऊ. बाळाचं जावळ काढतात, मामाच्या मांडीवर बसवून. जुन्या गृह्यसूत्रांत या चौल संस्कारात शिखा किती आणि कुठे ठेवायच्या हे कुळावर ठरायचं. कोकणचे भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा तपशील सापडतो. वसिष्ठांची शिखा उजवीकडे, अत्री आणि कश्यपांच्या दोन, दोन्ही बाजूंना, अंगिरसांच्या पाच, आणि भृगूंचं डोकं पूर्ण गुळगुळीत. म्हणजे डोक्यावर दोन शेंड्या घेऊन हिंडणारी प्रतिष्ठित घराणी होती. त्यांच्याकडे बघून दोन लग्नांचा हिशेब कुणी मांडला नाही. पुढे हे वैविध्य मावळलं आणि माथ्यावर एकच शेंडी राहिली, ती नेमकी भोवऱ्याच्या जागी.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पेशवाईतला किंवा त्याआधीचा पुरुष डोकं भादरून शेंडी आणि घेरा ठेवत होता. भोवऱ्याचे केस शेंडीत बांधले जायचे, बाकीचे उरतच नव्हते. शिवाय बाहेर पडताना डोक्यावर पागोटं, पगडी, रुमाल, टोपी काहीतरी असायचंच. उघडं डोकं सुतकातलं. मग कुणाचा भोवरा डावा, कुणाचा उजवा, कुणाला दोन, हे कळायचं फक्त न्हाव्याला आणि घरच्या माणसांना. भोवरा होता, पण त्याचा त्रास असा काहीच नव्हता.

त्रास सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, इंग्रजी पद्धतीने केस राखायला लागल्यावर. शेंडी गेली, घेरा गेला, डोकंभर केस आले आणि एका बाजूला भांग आला. आधी शिकलेल्यांत, मग मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांत. मग टोप्याही हळूहळू उतरल्या. आणि जो भोवरा शेंडीचा खुंटा होता, तो आता चापून बसवलेल्या केसांत ताठ उभा राहणारा गुन्हेगार ठरला. खोबरेल तेल, ब्रिलियंटाइन, पाण्याचा हात, रात्री रुमाल बांधून झोपणं, हे सगळे उपचार या नव्या रोगाचे. रोग केसांत नव्हता हो, भांगात होता.

जुने न्हावी मात्र हुशार. डोकं बघून भांग कुठला हे ते सांगत. त्यामागे साधा हिशेब आहे. भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर त्याच्या पुढचे केस डावीकडून उजवीकडे पडतात. म्हणून डाव्या बाजूला भांग काढला की बसतो. उलट्या भोवऱ्याच्या पोराचा भांग उजवीकडून काढावा. आईने हट्टाने डावीकडून काढला, तर शाळेत पोचेपर्यंत तो मोडलेला असतो आणि मास्तर पोराला गबाळा म्हणून मोकळे होतात. आमच्या वर्गात असे दोघे तरी होते. आणि कपाळावर भोवरा असलेल्यांचं नशीब 1950 नंतर उघडलं, कारण देव आनंदसारखा केसांचा कोंबडा काढायची फॅशन आली. इतरांना कंगवा आणि तेल घेऊन खपावं लागे, यांना तो फुकट मिळाला होता. बायकांच्या बाजूने असंच उदाहरण साधनाचं. 'लव्ह इन शिमला' 1960 चा. कपाळ मोठं दिसतं म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढे झुलपं कापली, आणि ज्याला वैगुण्य म्हणत होते त्यावरून 'साधना कट' देशभर गेला.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. पण मुलींच्या डोक्यावरचा दुसरा भोवरा हा काही फॅशनचा विषय नाही.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मुलाच्या बाबतीत ते चेष्टेत म्हणतात आणि मुलगाही हसतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीला बघायला आलेल्या बाईंनी, वेणी बघते म्हणून मागून केस बाजूला केले. दोन दिवसांनी निरोप आला: "चेडू बरा आसा, पण डोक्यार दोन भोवरे आसत." पुढे काही बोलणं झालं नाही. त्यानंतर तिची आई तिचा अंबाडा मुद्दाम वर, माथ्यावर बांधायची, मानेवर नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, उकाडा होतो.

एकाच खुणेचा मुलाला विनोद आणि मुलीला डाग का? याचं उत्तर केसांत नाही, कायद्याच्या आणि चालीरीतींच्या इतिहासात आहे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली ती 1946 च्या कायद्याने, आणि देशभर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याआधी पुरुषाचं दुसरं लग्न म्हणजे पहिलीला मूल नाही, किंवा पहिली वारली, किंवा नुसतंच ऐपत आहे म्हणून. त्यात अशुभ काय? बाईचं दुसरं लग्न मात्र पहिला नवरा मेल्याशिवाय बहुधा व्हायचंच नाही. म्हणजे मुलीच्या डोक्यावर 'दोन लग्नं' वाचणारा माणूस खरं तर 'नवऱ्याचं मरण' वाचत होता. सून आणायला आलेली आई घाबरते ती आपल्या मुलाच्या जिवासाठी. यात आणखी एक पदर आहे. ज्या समाजांत विधवेचा पाट लागत असे, आणि महाराष्ट्रात असे समाज पुष्कळ होते, तिथं बाईचं दुसरं लग्न ही रूढ गोष्ट होती. ज्या जातींत विधवेचं केशवपन व्हायचं, त्यांना 1856 चा विधवाविवाहाचा कायदा होऊनही ती कल्पना सोसत नव्हती. आमच्या मते दुसऱ्या भोवऱ्याची धास्ती ही या दुसऱ्या जगातली आहे, आणि पाट लावणाऱ्यांनी ती वरच्यांचं बघून उचलली. हा आमचा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

युरोपातही हेच. कपाळावर केसांची रेघ मध्ये टोकदार खाली आली, तर इंग्रजीत तिला 'विडोज पीक' म्हणतात, विधवेचं टोक. विधवा जी टोकदार टोपी घालत, तिच्यावरून हे नाव. टोक असलेली बाई लवकर विधवा होते, अशी समजूत होती. तेच टोक पुरुषाला असलं तर तो रुबाबदार. मराठीत या टोकाला नाव नाही, हे आपल्या मुलींचं भाग्य.

आता आमच्या विषयाकडे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर तिथं अग्नी ही व्याप्ती कुठं मोडत नाही. दोन भोवरे आणि एकच संसार, पन्नास वर्षांचा, असे लोक याच सभागृहात निघतील. एक भोवरा आणि दोन लग्नं असेही निघतील, हात वर करायला आम्ही सांगत नाही. अशा हेतूला न्यायशास्त्रात 'सव्यभिचार' म्हणतात. शब्दावर जाऊ नका, तांत्रिक शब्द आहे. आणि दुर्मीळ म्हणून अशुभ म्हणाल, तर दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ म्हणूनच देवघरात जातो. शंखाचं दुर्मीळ वळण पूजेला आणि मुलीचं लपवायला, हा न्याय कुठला?

विज्ञानालाही भोवऱ्यातून काही वाचायचा मोह झाला आहे. टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं की डोळ्यांच्या पातळीच्या वर भोवरा असलेली गुरं पकडून धरल्यावर जास्त बिथरतात. मूळचे भारतातले आणि अमेरिकेत काम करणारे अमर क्लार विमानतळांवर, बाजारांत लोकांची डोकी मागून बघत हिंडले. 2003 मध्ये त्यांनी मांडलं की उजव्या हाताच्या लोकांत उलटे भोवरे 8.4 टक्के, तर इतरांत जवळजवळ निम्मे. पुढच्या काही अभ्यासांना हा संबंध सापडला नाही. पण फरक बघा. क्लार यांचं म्हणणं डोकी मोजून खोडता आलं. त्या निरोपाचं म्हणणं मोजायला कुणी बसलंच नाही.

एक चिठ्ठी आली आहे. नात सहा महिन्यांची आहे, दोन भोवरे आहेत, जावळ नीट काढलं तर एक जाईल का?

नाही जाणार. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, केसाची मुळं आत आहेत. कितीदाही काढा, केस त्याच वळणाने येणार. दोन भोवऱ्यांच्या मधले केस एकमेकांवर चालून येतात, म्हणून तिथं तुरा उभा राहील. केस अगदी आखूड ठेवले तर तो दिसणार नाही. थोडे वाढवलेत तर तुरा जास्त दिसेल, ते दिवस काढावे लागतील. पुरते लांब झाले की वजनानेच बसतील. भांग दोन्ही भोवऱ्यांच्या मधून काढू नका, एकाच्या बाहेरून काढा. ओले असताना बोटांनी ज्या बाजूला वळवाल, तिकडे वाळेपर्यंत राहू द्या. आणि नात मोठी झाल्यावर तिचा अंबाडा कुठं बांधायचा, ते तिला ठरवू द्या.